आईसाठी चोवीस तास घरी राहणारी मदतनीस ठेवावी का?

निशिगंध: पक्षाघातानंतर आई सात महिने अंथरुणाला खिळून आहे. आम्हा तिघा भावंडांना मिळून एकाच मदतनिसाचे वेतन परवडते. चोवीस तास राहणारी बाई ठेवावी की दिवसापुरती, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पिंपळपान: वडिलांसाठी आम्ही बारा-बारा तासांच्या दोघीजणी ठेवल्या आणि शेवटपर्यंत त्यांची आबाळ झाली नाही. आपणही दोघीच ठेवाव्यात.

कातरवेळ: हवेची गादी घ्यावी. आमच्याकडे दीड वर्षात पाठीला एकही जखम झाली नाही.

औदुंबर: मी सव्वीस वर्षे परिचारिका होते. गादीचा उपयोग होतो, मात्र गादी आहे म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही. साधारण दर दोन तासांनी, तेही रात्रंदिवस, कूस बदलायची असेल तर घरी राहणाऱ्या बाईला सलग झोप मिळणारच नाही. आणि झोप न झालेला माणूस रुग्णाला उचलण्याऐवजी ओढतो, त्यात नाजूक त्वचा सोलवटते, किंवा उठवून बसवण्याचा कंटाळा करून आडवे असतानाच भरवतो आणि घास श्वासनलिकेत जातो. मदतनिसाची विश्रांती हा रुग्णाच्या उपचारांचाच भाग समजावा.

कवडसा: खोलीत कॅमेरा लावावा. आमची बाई दुपारी झोपलेली दिसली, तेव्हा तिला त्याच दिवशी काढले. त्यानंतर वर्षभरात चौघी बदलल्या, एकही टिकली नाही.

औदुंबर: ती रात्री कितीदा उठली होती, हेही त्याच कॅमेऱ्यात पाहायला हवे होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरकामगारविषयक करारात (क्रमांक १८९) आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी नमूद आहे. आपण किती जण ती देतो?

कवडसा: पैसे मोजल्यावर देखरेख ठेवण्यात गैर काय, हे मला अजूनही पटलेले नाही.

पिंपळपान: दोघी ठेवाव्यात, हे मी पुन्हा सांगतो.

निशिगंध: सर्वांची आभारी आहे. आम्ही फक्त रात्रीसाठी, जागे राहण्याच्या स्पष्ट बोलीवर आठ तासांची मदतनीस ठेवत आहोत. दिवसा तिने आपल्या घरी झोपावे आणि रविवारी सुट्टी घ्यावी; त्या रात्री भाऊ जागेल. दिवसाच्या पाळ्या आम्ही तिघे वाटून घेऊ. कूस कधी बदलली आणि आईने काय खाल्ले, याची वही उशाशी ठेवली आहे. त्या वहीत आम्हीही लिहिणार आहोत.