उपचार फुकट, पण सहा आठवडे नागपूरला राहायचं कसं? (बाबांचं रेडिएशन)

धानवाला_गडचिरोली
नमस्कार मंडळी. आमचं गाव एटापल्लीच्या पलीकडे. बाबांना तोंडाचा कॅन्सर निघाला, वय 58, तीस वर्षं खर्रा (तंबाखू-सुपारी), बाकी सांगायला नको. ऑपरेशन नागपूरला महात्मा फुले योजनेतून झालं, दवाखान्याचा एक रुपया लागला नाही, खोटं कशाला बोलू. आता रेडिएशनचे 30 डोस सांगितलेत, सोमवार ते शुक्रवार रोज. मशीनवर दहा मिनिटं, पण त्या दहा मिनिटांसाठी दीड महिना नागपुरात राहायचं.

ऑपरेशनच्या वेळचा हिशोब सांगतो. पहाटेची मुक्कामी एसटी धरायची, आलापल्ली, मग चंद्रपूर, मग नागपूर, पोचेपर्यंत दिवस मावळतो. आईला अर्धं तिकीट, बाबा न मी पूर्ण, तिघांचे एका बाजूचे हजाराच्या वर जातात. परत येताना बाबांना बसवेना म्हणून बोलेरो केली, त्याने 7000 घेतले, त्यात तो खनिजाच्या ट्रकांनी उखडलेला रस्ता, बाबा पूर्ण रस्ताभर जबडा धरून होते. दवाखान्याजवळ खोलीवाला दिवसाला 400 मागतो, 42 दिवसांचे 16,800 झाले, खाणं वेगळं. आणि आता धान कापणीला आलाय, माझी मजुरी बुडणार ते तर कोणी मोजतच नाही. एक बैल विकून झाला. बाबा म्हणतात राहू दे, घरीच बरा आहे. कोणी यातून गेलंय का?

नागभीडची_ताई
भाऊ, पहिले एक सांगते, बाबांचं ऐकू नका. माझ्या सासऱ्यांचं मागच्या वर्षी हेच झालं. आम्ही शनिवार-रविवार गावी यायचो न सोमवारची गाडी हुकायची, असे तीन डोस बुडले तेव्हा डॉक्टर लय रागावले. मध्ये खंड पडला की उरलेल्या गाठीला परत वाढायला वाव मिळतो म्हणे. म्हणून दर आठवड्याला येणं-जाणं करूच नका, तिथंच राहा, बसच्या पैशात खोली निघते.

खोलीवाल्याला पैसे देण्याआधी दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात जा. एमएसडब्ल्यू म्हणजे दवाखान्याचे समाजसेवक असतात, त्यांना धर्मशाळा माहीत असतात, बऱ्याच ठिकाणी त्यांच्या चिठ्ठीशिवाय घेतच नाहीत. सेवाग्रामलाही रेडिएशन होतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून पहा तिकडे पाठवता येईल का, तिथं राहणं नागपूरपेक्षा स्वस्त पडतं. आणि जिथं स्वतः शिजवता येईल अशीच जागा बघा. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघतं, तिखट सोडा, साधी पोळी गिळवत नाही. आम्ही जुना मिक्सर घेतला होता 600 ला, वरण-भात, खीर सगळं त्यात फिरवून द्यायचो. औषधापेक्षा त्या मिक्सरनेच माणूस तगला असं मला वाटते.

विदर्भ_पोट्टा
108 ला फोन लावा ना, फुकट नेतात.

स्टेशनवाला_काका
108 इमर्जन्सीसाठी आहे रे बाबा, रोजच्या डोसला नाही येत. त्यापेक्षा रेल्वेचं बघा. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट. तुम्ही चंद्रपूरपर्यंत एसटीने या, पुढे नागपूर काय न सेवाग्राम काय, रेल्वे आहेच. दवाखान्यातून सवलतीचा फॉर्म भरून घ्यायचा, डॉक्टरची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर नीट पाहून घ्या, शिक्का पुसट असला तरी खिडकीवरून परत पाठवतात. तिकीट मोबाईलवर नाही निघत, काउंटरवरच काढावं लागतं. बसण्यापेक्षा झोपून येता येतं हे मोठं.

अजून एक. महात्मा फुलेच्या पॅकेजमध्ये ऑपरेशन होऊन सुट्टी झाली की घरी जायचं एकदाचं एसटीचं नाहीतर रेल्वेच्या सेकंड क्लासचं भाडं धरलेलं असतं. फक्त पेशंटचं, रक्कम किरकोळ आहे. पण मागितल्याशिवाय मिळत नाही. तुम्हाला दिलं का?

परळकर
इतकं करताय तर सरळ टाटाला आणा की मुंबईला. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे कॅन्सर पेशंटसाठी.

नागभीडची_ताई
धर्मशाळा चांगली आहे, पण नंबर लागेपर्यंत कुठं राहतील ते पण सांगा. परळच्या फुटपाथवर झोपलेले पेशंट पाहिलेत मी. ऑपरेशन नागपूरला झालं, फाईल तिथं, तेच रेडिएशन तिथं होतंय, मग हजार किलोमीटर कशाला ओढायचं त्या माणसाला?

धानवाला_गडचिरोली
काका, भाड्याचं कोणी बोललंच नाही आम्हाला, सुट्टीच्या कागदावर दहा ठिकाणी अंगठा मात्र घेतला बाबांचा. सोमवारी दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला विचारतो. ताई, मिक्सर घरचाच नेतो, गावात लाईट राहते कुठं तसंही. आईला बाबांसोबत ठेवून मी कापणीपुरता परत यायचं ठरवतोय, पण आईला मराठी तोडकीमोडकीच येते, ती माडियातच बोलते. नागपुरात माडिया समजणारं कोणी असेल तर कळवा.