कासचा भूपृष्ठ नकाशा सुयांसारखा उभा का दिसतो?

प्रश्न: साताऱ्याहून कासकडे जाणाऱ्या घाटरस्त्याच्या आखणीसाठी मी एसआरटीएमची (अंतराळातून रडारने मोजलेली) उंचीची माहिती सिव्हिल थ्रीडी या रस्ते-आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली, परंतु पाच किलोमीटरचा पट्टा जेमतेम 0.05 एकक रुंद आणि उंची मात्र 700 ते 1200 असल्यामुळे सरफेस, म्हणजे जमिनीचे त्रिमितीय चित्र, सुयांच्या जुडग्यासारखा दिसतो. उंची हजाराने भागून पाहिली, तरी उपयोग झाला नाही. चूक कोठे असावी?

उत्तर 1: साहेब, उंचीला हात लावू नका, ती बरोबर आहे. आपली फाईल अक्षांश-रेखांशात, म्हणजे अंशांत आहे आणि सॉफ्टवेअर त्या अंशांनाच मीटर समजत आहे. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे 106 किलोमीटर भरतो. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रास्टर (उंचीची चौकटींची फाईल) यूटीएम 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत (तिचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी 32643) रूपांतरित करून मगच आयात करावे. कासजवळ पूर्वांक (पूर्व-पश्चिम स्थान, मीटरमध्ये) सुमारे 3,75,000 आणि उत्तरांक (दक्षिणोत्तर स्थान) सुमारे 19,60,000 आला, की काम जमले असे समजा.

उत्तर 2: वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र ड्रॉइंगचे एककही मीटरच ठेवावे, कारण आमच्याकडे वास्तुरचनेच्या मिलिमीटरमधील टेम्प्लेटवर (तयार कोऱ्या ड्रॉइंगवर) मीटरमधील सर्वेक्षण चढवल्याने अख्खा डोंगर हजारपट लहान झाला होता आणि दोन दिवस आम्ही सर्वेक्षकालाच दोष देत बसलो होतो.

प्रश्नकर्ता: रूपांतरानंतर कंटूर (समान उंचीच्या रेषा) व्यवस्थित उमटले. आभारी आहे.

उत्तर 1: तरीही या माहितीच्या पेशी, म्हणजे एकेक उंची दाखवणारे चौकोन, सुमारे 30 मीटरच्या आहेत, त्यामुळे मातीकामाचे (खोदाई-भरावाचे) परिमाण त्यावरून काढू नये.