मदत हवी आहे: जिम्नॅस्टिक्स नुसतं आवडीसाठी शिकवतं का कुणी?

निशिगंधा_
नमस्कार. जरा घाईत लिहितेय, सोमवारी फी भरायची शेवटची तारीख आहे. लेकीच्या सरांनी परवा सांगितलं की जूनपासून दोन दिवसांची बॅच बंद. यायचं तर आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन तास, स्पर्धेच्या बॅचला. नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला देणार. तिला स्पर्धा नकोय. विचारलं तर म्हणाली, "मला नुसतं करायचंय गं आई." फी भरू की क्लास सोडवू? अधूनमधून मनगट दुखतं म्हणते, तेही आहेच.

कोथरूडची_सई
वय किती, किती वर्षं शिकतेय, गाव कोणतं, काहीच लिहिलं नाहीत ताई. पुण्यात असाल तर टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्रीय मंडळात चौकशी करा. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी 1924 साली काढलेली संस्था, आमच्या घरातल्या दोन पिढ्या तिथल्या मातीत खेळल्या.

वेताची_अढी
सरळ दोरीच्या मल्लखांबाला घाला. माझी मुलगी पाच वर्षं करतेय. दोरी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरून वर जायचं, कुठेही गाठ न मारता आसन लावायचं. पहिले पंधरा दिवस बेचकं लालभडक व्हायचं, रात्री खोबरेल लावून झोपायची. आता शाळेतून आली की दप्तर टाकून आधी दोरी. दादरला शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर बघा. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा 2019 मध्ये शिवाजी पार्कलाच झाली, आणि तिथल्या उदय देशपांडे सरांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली.

निशिगंधा_
सॉरी, राहिलंच. वय नऊ, तीन वर्षं झाली, आम्ही डोंबिवलीत. पुणे शक्य नाही. संध्याकाळच्या लोकलने लेकीला घेऊन दादर करायचं म्हणजे नोकरी सोडावी लागेल.

जिद्द_हवी
सोडवू नका! जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचे तळपाय सपाट होते, तरी ती 2016 ला रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून उडी) चौथी आली. कांस्यपदक 0.15 गुणांनी हुकलं. तेव्हा कुणी "नुसतं करू दे" म्हटलं असतं तर?

बीमवरून
जिद्द_हवी, दीपाला ते हवं होतं. या मुलीला नकोय, आणि तिने ते स्पष्ट सांगितलंय. मी स्वतः शाळेत असताना सहा वर्षं स्पर्धा खेळले. आठवीत सोडलं आणि नंतर दहा वर्षं मॅटकडे फिरकले नाही, कारण मधली वाटच नव्हती. एकतर राज्य स्पर्धा, नाहीतर घरी बसा. नऊ वर्षांच्या पोरीचं तसं होऊ देऊ नका.
सरांची अडचण मात्र खरी असणार. हॉल एक, बीम (तोल सांभाळत चालायची अरुंद, उंचावरची पट्टी) एक. बॅकफ्लिपला कमरेशी हात देऊन एकेकीला उचलावं लागतं, त्या वेळी बाकीच्या मुली रांगेत उभ्या. म्हणून त्यांच्याशी वेळेचं बोला, तत्त्वाचं नको.

वेताची_अढी
मल्लखांबात ही अडचणच नाही. एक दोरी, दहा मुलं, आणि प्रत्येकाची पाळी येते.

बीमवरून
पाळी येईपर्यंत बाकीची नऊ काय करतात? आणि ती जिम्नॅस्टिक्स शिकतेय, तुम्ही दोरीवर चढवताय.

अप्पा_ठाणे
जिम्नॅस्टिक्सने मुलींची उंची खुंटते असं ऐकलंय. त्यापेक्षा पोहायला घाला. दुधात खारीक उगाळून द्या.

हाडवैरी_नाही
फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून लिहितो. अप्पा, उंची खुंटत नाही. बुटक्या, हलक्या मुलींना या खेळात सोपं जातं, त्याच पुढे टिकतात, म्हणून आपल्याला तसं दिसतं.
सगळे मनगटाला विसरलात. निशिगंधाताई, नेमकं कधी दुखतं? हातांवर उभं राहताना, की नंतर घरीही? या वयात मनगटाजवळ हाडाचं वाढतं टोक मऊ असतं आणि अख्ख्या शरीराचा भार त्यावर येतो. दुखत असेल तर हातावर वजन घेणं बंद, आणि आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. क्रेप बँडेज गुंडाळून वर्गाला पाठवू नका. असं मनगट घेऊन तीन तासांच्या बॅचला तर नाहीच नाही.

निशिगंधा_
हे वाचून तिला विचारलं. शाळेत फळा पुसतानाही दुखतं म्हणाली. मला आजवर सांगितलंच नव्हतं, क्लास बंद करीन म्हणून. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये.

कोथरूडची_सई
बरं केलंत. तोवर पळणं, दोरीवरच्या उड्या चालतील ना? जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं घाम येईल इतकी हालचाल सांगते. ती क्लासमध्येच व्हायला हवी असं नाही.

अप्पा_ठाणे
कुठे पळणार? आमच्या सोसायटीत लगोरी खेळायचो तिथे आता दोन रांगांत गाड्या उभ्या. परवा मुलांनी गाडीच्या आडून लपाछपी मांडली तर वॉचमनने हाकललं.

बीमवरून
घरात फरशीवर रंगीत चिकटपट्टी लावा, दहा सेंटिमीटर रुंद, पाच मीटर लांब. खऱ्या बीमचं हेच माप, फक्त तो सव्वा मीटर उंचावर असतो. चवड्यांवर चालणं, वळणं, एका पायावर थांबणं, सगळं होतं आणि मनगटाला काम नाही. मनगट बरं झालं तरी फरशीवर हँडस्टँड मात्र करू देऊ नका.

निशिगंधा_ (आठ दिवसांनी)
फी भरली नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे हातावर भार नको सांगितलंय. पट्टी बैठकीच्या खोलीत लावली, रोज संध्याकाळी तिच्यावरून ये-जा चालते, पाहुणे आले तरी.
क्लासमधल्या बाकी आयांशी बोलले, तिघींनाही हेच हवं होतं. एकत्र जाऊन सरांना भेटलो. रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ हॉल रिकामा असतो, दहा मुलं जमली तर स्पर्धेविना बॅच घेतो म्हणाले. सात झाली आहेत. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याणकडचं कुणी असेल तर विपू (विचारपुशीत निरोप) करा. आणि माझ्यासारखं अर्धवट लिहू नका, वय आणि दुखणीखुपणी आधी कळवा.

ठाकुर्ली_लोकल
विपू केली आहे. मुलगा चालेल का? वय सहा, दुखणं काही नाही, कोलांटी सरळ येत नाही.