करंट गेला की लॅपटॉपची पॉवर सेटिंग एका बटणात बदलायची आहे, उपाय सांगा

खानापूर_डीटीपी: नमस्कार मंडळी. खानापुरात माझं डीटीपीचं लहान दुकान आहे. सध्या गणपती मंडळांची पावती पुस्तकं चालू आहेत, मराठी-कन्नड दोन्ही. पाऊस लागला की करंटचा भरवसा नाही आणि यूपीएस कधीच गेलंय. करंट गेला की कंट्रोल पॅनेल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा, पॉवर सेव्हर निवडा. आला की परत हाय परफॉर्मन्स. गिऱ्हाईक पुढ्यात उभं आणि मी खिडक्या उघडालोय. कीबोर्डवरनं एका झटक्यात होतंय काय? विंडोज १० आहे.

टिळकवाडी_कट्टा: होतंय की. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर उतरवून घेऊ नका. डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट. पत्ता विचारेल तिथं, करंट गेल्यावरच्या पॉवर सेव्हरसाठी, ही विंडोजची कमांड लिहा: पॉवरसीएफजी /सेटॲक्टिव्ह स्कीम_मॅक्स (टाइप मात्र इंग्रजीत करा: powercfg /setactive scheme_max). मग आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की'च्या चौकटीत नुसतं बी दाबा, कंट्रोल+ऑल्ट+बी आपोआप बसतं. तिथंच 'रन'समोर मिनिमाइज्ड करा, नाहीतर दरवेळी काळी खिडकी चमकून जाते. हाय परफॉर्मन्सचा दुसरा शॉर्टकट तसाच, शेवटी फक्त स्कीम_मिन (scheme_min) आणि अक्षर वेगळं.

खानापूर_डीटीपी: अण्णा, उलटं लिहिलंय काय? मॅक्स म्हणजे जास्त ताकद नव्हे?

टिळकवाडी_कट्टा: नव्हे. इथं मीपण फसलोय, आठवडाभर लॅपटॉप हळू का म्हणून शोधत होतो. मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त बचत, मिन म्हणजे कमीत कमी बचत, म्हणजेच हाय परफॉर्मन्स. मधला पाहिजे तर स्कीम_बॅलन्स्ड.

निपाणी_नाका: आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /लिस्ट (powercfg /list) मारून बघा, लॅपटॉपात कुठले पॉवर प्लॅन आहेत ते दिसतं. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत बॅलन्स्ड सोडून दुसरा प्लॅनच दिसत नाही. आणि मला विचाराल तर बटणं कशाला? प्रत्येक प्लॅनमध्ये बॅटरीवर वेगळा आणि चार्जर लावल्यावर वेगळा आकडा देता येतो. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट' उघडा, मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट बॅटरीवर ७० टक्के, चार्जरवर १००. करंट गेला की आपलं आपण होतंय.

खानापूर_डीटीपी: बरोबर आहे, खरं कधी कधी बॅटरीवरच फ्लेक्सची मोठी फाइल पीडीएफ करावी लागते. तेवढ्यापुरता पूर्ण जोर पाहिजे. म्हणून बटणच बरं.

निपाणी_नाका: मग ठीक. स्क्रीनचा उजेड पण कमी करा, त्यानं बॅटरी बरीच वाचते.

खानापूर_डीटीपी: दोन्ही शॉर्टकट केले, काल मस्त चालले. आज सकाळपासनं की दाबली तर काहीच होत नाही! आयकॉनवर डबल क्लिक केलं तर चालतंय.

टिळकवाडी_कट्टा: आयकॉन हलवलात काय कुठं? डेस्कटॉपवर नाहीतर स्टार्ट मेनूत असेल तरच की चालते.

खानापूर_डीटीपी: पोरानं डेस्कटॉप साफ करतो म्हणून सगळं एका फोल्डरात टाकलंय. बाहेर काढलं, चाललं. यूपीएस कुठलं घ्यावं ते आता वेगळ्या धाग्यात विचारतो.