रामापिथेकस माणसाचा पूर्वज की नाही? नोट्स एक म्हणतात, पुस्तक दुसरंच

चिकाटी_सोलापूर
नमस्कार. स्पर्धा परीक्षेला मानवशास्त्र ऑप्शनल घेतलंय, क्लास लावलेला नाही. एका सीनियरकडून मराठी नोट्स मिळाल्या, झेरॉक्सची झेरॉक्स, निम्मी पानं तिरकी. त्यात ठळक अक्षरात आहे: रामापिथेकस, मानवाचा आद्य पूर्वज, १.४ कोटी वर्षे, शिवालिक टेकड्या. रूमपार्टनरच्या इंग्रजी पुस्तकात मात्र रामापिथेकसला स्वतंत्र जागाच नाही. सिवापिथेकस नावाच्या दुसऱ्या जीवाश्म कपीत धरलाय आणि ओरांगउटान या आजच्या आशियाई कपीच्या बाजूला बसवलाय. ग्रुपवर विचारलं तर "दोन्ही लिही, कुठेतरी मार्क पडतील" असं उत्तर आलं. नक्की काय समजायचं? आणि हा गोंधळ झालाच कसा?

बापू_जळगाव
आमच्या वेळी रामापिथेकस, ऑस्ट्रेलोपिथेकस, होमो इरेक्टस अशी माणसाच्या पूर्वजांची आगगाडीच पाठ असायची. पहिला डबा कधी काढला?

निवृत्त_मास्तरीण
बापू, चाळीस वर्षं झाली काढून. नोट्सवाल्यांना कळवायचं तेवढं राहिलं.

मी कॉलेजात हाच पेपर शिकवायचे, त्यामुळे जरा लांबण लागेल. आधी मूळ हाड बघू. १९३२ साली येल विद्यापीठाचा जी. एडवर्ड लुईस हा विद्यार्थी शिवालिकात, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांत, जीवाश्म शोधत फिरत होता. हरितल्यांगरला, म्हणजे आजच्या हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यात, त्याला वरच्या जबड्याचा उजवीकडचा एक तुकडा सापडला. दोन उपदाढा, दोन दाढा आणि पुढे सुळ्याची रिकामी खोबण. डावी बाजू नाही. कवटी, हात, पाय यांचं तर नावच नको. १९३४ मध्ये त्याने रामापिथेकस ब्रेव्हिरोस्ट्रिस असं बारसं केलं. (त्याच लुईसने एका जीवाश्माला सुग्रीवपिथेकस म्हटलंय. गडी रामायणात रमला होता.)

प्राणी माणसाच्या बाजूचा असावा असं लुईसला तेव्हाच वाटत होतं, पण हर्डलिच्का या वजनदार मानवशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये ते झोडपून काढलं आणि तुकडा कपाटात पडून राहिला. १९६१ मध्ये जीवाश्म अभ्यासक एल्विन सायमन्स यांनी तो माणसाचा पूर्वज म्हणून पुन्हा उकरला, पुढे डेव्हिड पिलबीमही त्यांना येऊन मिळाले. तिथून रामापिथेकस पाठ्यपुस्तकांत शिरला.

आता गोम कुठे आहे ते सांगते. कपींच्या, म्हणजे चिंपांझी-ओरांगउटानसारख्या बिनशेपटीच्या वानरांच्या, जबड्यात दाढांच्या दोन रांगा जवळजवळ समांतर असतात, माणसाच्या मागे फाकत जातात. हातात एकच बाजू असेल तर दुसरी तिचं प्रतिबिंब धरून जोडावी लागते. पण मधली रेषा कुठून काढायची? तुकडा किंचित आत वळवला की रांगा समांतर, बाहेर वळवला की फाकल्या. सायमन्सना माणसासारखी कमान दिसली. मी वर्गात प्लास्टरचा अर्धा जबडा मुलांच्या हाती द्यायचे आणि आरशाला टेकवायला सांगायचे. दहा मिनिटांत जो तो आपापला पूर्वज बनवून मोकळा!

त्यावर मग मजले चढले. सुळा लहान, म्हणजे दातांनी भांडायची गरज नाही, म्हणजे हातात हत्यार, म्हणजे हात मोकळे, म्हणजे दोन पायांवर चाल. पायाचं एक हाड हाती नसताना प्राणी उभा केला.

चिकाटी_सोलापूर
भारी! मग पडला कसा? आणि १.४ कोटी हा आकडा?

निवृत्त_मास्तरीण
तो आकडा तुझ्या नोट्सनी भलतीकडून उचललाय. तो केनियातल्या फोर्ट टर्नानचा. लीकी या जीवाश्म शोधणाऱ्यांनी तिथल्या जीवाश्माला केनियापिथेकस म्हटलं होतं, सायमन्स-पिलबीमनी तोही रामापिथेकसच्या खात्यात टाकला. हरितल्यांगरचे थर बरेच अलीकडचे, साधारण ८० ते ९० लाख वर्षांपूर्वीचे.

पहिला दणका जीवाश्मवाल्यांनी दिलाच नाही. १९६७ मध्ये बर्कलीत व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाची तुलना केली आणि सांगितलं की माणूस आणि चिंपांझी यांचे रस्ते सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. मग १.४ कोटी वर्षांपूर्वी फक्त माणसाचा असा पूर्वज आणायचा कुठून? हाडंवाल्यांनी नाकं मुरडली. १९७३ मध्ये वॉकर आणि अँड्र्यूज यांनी फोर्ट टर्नानचा जबडा नव्याने मांडला, तर माणसासारखी गोल कमान निघेना, टोकाशी अरुंद असा व्ही निघाला. आणि १९८२ मध्ये खुद्द पिलबीमनी पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरचा सिवापिथेकसचा चेहरा प्रसिद्ध केला, नोंद क्रमांक जीएसपी १५०००. डोळ्यांच्या खोबणी उभट, त्यांच्यामधलं अंतर अगदी थोडं, चेहरा खोलगट. ओरांगउटानचा फोटो शेजारी ठेवून बघ, शिकवायला काही उरत नाही.

लहान सुळे आणि लहान अंगाचं कोडंही मग सुटलं. नर दांडगे, माद्या लहान, रामापिथेकस आणि सिवापिथेकस प्राणी एकच. सिवापिथेकस हे नाव पिल्ग्रिम यांनी १९१० मध्येच दिलेलं, म्हणून नियमाप्रमाणे जुनं नाव टिकलं.

खडकवाला
मॅडम, रामापिथेकसच्या दाढांवर माणसासारखं जाड एनॅमल, म्हणजे दाताचं कठीण आवरण, होतं, त्याचं काय? तो मुद्दा अजून ऐकू येतो.

निवृत्त_मास्तरीण
जाड एनॅमल खाण्याशी बांधलेलं असतं. टणक फळं-बिया फोडणाऱ्या वेगवेगळ्या घराण्यांत ते आपापलं येऊ शकतं. तेवढ्यावरून सोयरीक जुळत नाही.

ओरांगउटानचं नातंही डोळे मिटून लिहायचं नाही. १९९० मध्ये सिवापिथेकसची दंडाची हाडं प्रसिद्ध झाली, ती ओरांगउटानसारखी नाहीत. चेहरा एक सांगतो, दंड दुसरं. मला स्वतःला चेहऱ्याचं पारडं जड वाटतं.

चिकाटी, "दोन्ही लिही" हा सल्ला सोडून दे. क्रम लिही: १९३२ चा तुकडा, १९६१ चा दावा, १९६७ चं रक्त, १९८२ चा चेहरा. अर्ध्या जबड्याची आकृती काढ, मधली रेषा तुटक दाखव. आरंभीच्या पूर्वजांत आता सहेलान्थ्रोपस, ओरोरिन, आर्डिपिथेकस ही आफ्रिकेची नावं. उत्तरात भारत आणायचाच असेल तर हाथनोरा आण. नर्मदाकाठी, मध्य प्रदेशात, ५ डिसेंबर १९८२ ला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनाकियांना कवटीचा वरचा भाग मिळाला. तो मात्र खरोखर आपल्या होमो वंशाचा आहे. इरेक्टस म्हणायचं की त्यानंतरचा, यावर मतं वेगळी आहेत, तेही दोन ओळींत लिही.

बापू_जळगाव
माझा नातू यंदा बारावीला आहे, त्याच्या वहीत बघतो काय लिहिलंय ते.