शाळेतल्या रसायनांच्या कपाटाला कायमचं कुलूप लावायचं का?

मोरचूद (धागाकर्ता)

गेली २१ वर्षं मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. मागच्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा थेंब एका मुलीच्या डोळ्यात उडाला. तिने गॉगल कपाळावर सरकवला होता. नळाखाली सलग वीस मिनिटं डोळा धुतला आणि मग तिला डॉक्टरांकडे नेलं. डोळा शाबूत आहे, नजर पूर्वीसारखी आहे. त्यानंतरच्या सभेत पालकांनी मागणी केली की यापुढे मुलांच्या हाती रसायनं द्यायचीच नाहीत, प्रयोग व्हिडिओवर दाखवायचे. संस्थेने महिन्याभरात निर्णय घ्यायचं ठरवलं आहे.

मला ही मागणी मान्य नाही. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात जस्ताची पूड टाकली की निळा रंग विरतो आणि तळाशी तांबूस तांबं बसतं. हे व्हिडिओतही दिसतं. पण यंदा एका मुलाने वहीत लिहिलं, "नळी हाताला कोमट लागते." ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्या एका वाक्यावर माझा पुढचा अख्खा तास उष्णता या विषयावर गेला. पडद्यावरची नळी कोमट लागत नाही.

दुसरं असं, की ही मुलं उद्या घरात फरशी पुसण्याचं ॲसिड आणि ब्लीच एकाच बादलीत ओतू शकतात, आणि त्यातून क्लोरीन वायू निघतो. लेबल वाचायचं, वास घ्यायचा तर बाटलीला नाक न लावता हाताने हवा आपल्याकडे ओढून घ्यायचा, पाण्यात ॲसिड घालायचं पण ॲसिडात पाणी कधीच घालायचं नाही, या सवयी हाताला लावाव्या लागतात. तोंडपाठ करून त्या लागत नाहीत.

विरोधी मतं ऐकायची आहेत. मोकळेपणाने लिहा.

पालक_आठवी

सर, मी त्या सभेत नव्हते, माझी मुलं वेगळ्या शाळेत आहेत. पण मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून लिहिते.

तुम्ही "डोळा शाबूत आहे" म्हणून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. लोक ॲसिडला घाबरतात आणि सोड्याला साबणासारखं समजतात. खरं तर डोळ्यासाठी सोड्यासारखी अल्कलीच जास्त वाईट. ॲसिडने वरच्या थरातली प्रथिनं साकळतात आणि बहुतेक वेळा तो थरच ॲसिडला आणखी आत जाऊ देत नाही. अल्कली पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करत आत उतरत जाते. धुणं थांबलं तरी तिचं काम सुरू असू शकतं. तुमच्याकडे वीस मिनिटं नळ वाहता होता आणि कोणाला तरी ते सुचलं, हे त्या मुलीचं नशीब.

एका वर्गात चाळीस मुलं आणि एक शिक्षक. चाळीस गॉगल चाळीस नाकांवर आहेत की नाहीत, हे तुम्ही पाठ फळ्याकडे करून कसं बघणार? कोमट नळीचा आनंद मला समजतो. पण त्याची किंमत एखाद्या मुलाच्या डोळ्याने का मोजायची?

आणि दम्याच्या मुलांचं काय? गंधक जाळून दाखवतात, त्याचा सल्फर डायऑक्साइड साधारण मुलाला फक्त ठसका आणतो. दमा असलेल्या मुलाची श्वासनळी त्याने आवळते.

किल्लीवाली

मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, म्हणून हे नाव. तुम्ही दोघं तासाबद्दल भांडताय. तासाला निदान शिक्षक समोर उभे असतात. कपाटासमोर कोणीच उभं नसतं.

मी रुजू झाले तेव्हा कपाटातल्या सामानाची यादीच नव्हती. मागच्या फळीवर पिक्रिक ॲसिडची बाटली सापडली. हा पदार्थ पाण्याने ओला ठेवायचा असतो. सुकला की तो स्फोटक, घर्षणानेही भडकू शकतो. बाटलीच्या झाकणाभोवती पिवळे स्फटिक धरले होते. मी हात लावला नाही. खोली बंद करून मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी तज्ज्ञ पथक बोलावलं आणि ते बाटली घेऊन गेलं. त्याआधी कित्येक वर्षं त्या कपाटाला टेकून मुलं रांगेत उभी राहत होती.

त्याच कपाटात घासलेटातलं पोटॅशियम होतं, वर पिवळट पापुद्रा आलेलं. तो पापुद्रा सुपरऑक्साइडचा असू शकतो. असा तुकडा सुरीने कापायला गेलं तर स्फोट होऊ शकतो. खालच्या खणात पाऱ्याची काचेची बाटली, बुचाला तडा गेलेली. आणि तारेच्या जाळ्या, मधोमध पांढरा गोल असलेल्या. जुन्या जाळ्यांमध्ये तो गोल ॲस्बेस्टॉसचा असायचा, हल्ली सिरॅमिकचा असतो. आमच्या जाळ्यांचा गोल कडेने झडत होता आणि मुलं तो नखाने खरवडत बसायची.

उद्या प्रयोग बंद केले तर हे कपाट नाहीसं होणार आहे का? उलट कोणी ते उघडणारच नाही. मला भीती त्या बंद कपाटाची वाटते.

पालक_आठवी

किल्लीवाली ताई, अंगावर काटा आला. पण माझ्या मते यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. ज्या व्यवस्थेला स्वतःच्या कपाटात काय आहे ते ठाऊक नाही, तिच्या हाती मुलं का द्यावी?

खडकवेडी

मी भूगोल शिकवते आणि खनिजांचा संग्रह सांभाळते. एका गोष्टीकडे कोणाचंच लक्ष नसतं, ती म्हणजे दगडांची पेटी. बाटलीवर कवटीचं चित्र असतं, दगडावर नसतं. दगड निसर्गातला, म्हणजे निरुपद्रवी, असं मुलांना वाटतं. शिक्षकांनाही वाटतं.

आमच्या पेटीत गॅलेना आहे. चकचकीत चौकोनी ठोकळे, हातात घेतले की आकाराच्या मानाने अनपेक्षित जड. गारगोटीची घनता २.६५, गॅलेनाची साधारण ७.५. घनता शिकवायला याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. पण ते शिशाचं सल्फाइड आहे. कस पाहायला पांढऱ्या फरशीवर घासलं की राखाडी पूड बोटांना लागते आणि ते बोट तोंडात जातं. लाल हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. पेटीत पडून असलं तर फारसं काही करत नाही, तापवलं तर पाऱ्याची वाफ सोडतं. मनशीळ आणि हरताळ ही आर्सेनिकची सल्फाइडं. मनशीळ उजेडात ठेवली तर हळूहळू भुसभुशीत होते आणि पिवळी पूड पडते. मी कपाटाच्या काचेशी मांडून ठेवली होती, तेव्हा ही पूड पाहून समजलं. चूक माझी होती.

आपण एखाद्या गोष्टीवर हरताळ फासला म्हणतो, तो हाच पिवळा दगड. हस्तलिखितात चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप देत. मुलांना हे सांगितलं की दगडाचं नाव आणि त्यातलं विष दोन्ही कायमचं लक्षात राहतं.

मी पेटी बंद केली नाही. वाटणी केली. गारगोटी, अभ्रक, फेल्डस्पार, कॅल्साइट, जिप्सम, मॅग्नेटाइट मुलांच्या हातात. गॅलेना हातात, पण कस मी घेते आणि नंतर सगळे साबणाने हात धुतात. हिंगूळ, मनशीळ, हरताळ काचेच्या बंद डबीत. तंतुमय ॲस्बेस्टॉस तर शाळेत नकोच, तो तज्ज्ञांच्या हवाली केला. गारगोटी फोडायची तर कापडी पिशवीत घालून, कारण सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. आणि चाटून ओळखणं पूर्ण बंद. सैंधवाची चव बघायची जुनी रीत पुस्तकातून मुलांच्या डोक्यात जाते आणि मग ती हातात येईल तो दगड जिभेला लावतात.

रिॲक्टर

तीस वर्षं रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात काढली. धागाकर्त्यांशी माझं पूर्ण दुमत आहे, आणि ते मुलांवरच्या प्रेमापोटीच आहे.

कारखान्यात धोका आटोक्यात आणायची एक उतरंड असते. आधी पदार्थ काढूनच टाकता येतो का ते बघायचं. नाही जमलं तर त्याऐवजी सौम्य पदार्थ. मग बंदिस्त यंत्रणा, हवा खेचणारी व्यवस्था. मग कामाची पद्धत. गॉगल आणि हातमोजे सर्वांत शेवटी, कारण ते माणसाच्या शिस्तीवर अवलंबून असतात. शाळा ही उतरंड उलटी चढतात. पहिला आणि बहुतेक वेळा एकमेव उपाय गॉगल. तो कपाळावर सरकला की खाली काहीच उरत नाही. तुमच्या तासाला नेमकं हेच झालं.

आणि डोळे दिपवण्यासाठी केलेले प्रयोग मला सर्वांत जास्त सलतात. अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी घ्या. नारिंगी ढीग ठिणग्या उडवत हिरवा होतो, मुलं टाळ्या वाजवतात. पण त्या धुराळ्याबरोबर न जळलेलं डायक्रोमेटही उडतं. त्यात सहा संयुजेचं क्रोमियम आहे, ज्याने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. यातून मुलं नक्की काय शिकली?

दुसरं उदाहरण मेथनॉल ओतून रंगीत ज्वाला दाखवण्याचं. मेथनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. ताटली विझली असं समजून शिक्षक मोठ्या बाटलीतून आणखी ओततात, वाफ पेट घेते आणि बाटलीच्या तोंडातून आगीचा झोत समोर बसलेल्या मुलांवर जातो. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने डिसेंबर २०१३ मध्ये या प्रयोगाविरुद्ध इशारा देणारा व्हिडिओ काढला. काही आठवड्यांतच, जानेवारी २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका शाळेत हाच अपघात झाला आणि विद्यार्थी भाजले. इशारा होता, शिक्षकही होते, तरी झाला. म्हणून मी म्हणतो, बंद करा.

मोरचूद

रिॲक्टर साहेब, उतरंडीचा मुद्दा मला लागला. डायक्रोमेट आणि मेथनॉल या दोन्हींवर मी तुमच्या बाजूने आहे. ज्वालामुखी मी स्वतः पहिली काही वर्षं करायचो आणि नंतर बेंचवरची हिरवी पूड मुलांकडूनच पुसून घ्यायचो, हे लिहिताना वाईट वाटतं. रंगीत ज्वालेसाठी मात्र मेथनॉल लागतच नाही. क्षारांच्या द्रावणात भिजवलेली लाकडी काडी बर्नरच्या ज्योतीत धरली की स्ट्रॉन्शियमचा लाल, तांब्याचा हिरवा, पोटॅशियमचा जांभळट रंग दिसतो. उतरंडीतली तुमची दुसरी पायरीच ही.

पण "काढून टाका"पाशीच थांबायचं तर प्रयोगशाळेत पाणीच उरेल. सोडियम पाण्यावर टाकायचा प्रयोग शंभराहून जास्त वर्षं वर्गात होतो. सगळे सांगत आले की उष्णतेने हायड्रोजन पेटतो म्हणून स्फोट. २०१५ साली प्रागच्या पावेल युंगविर्थ यांच्या गटाने दाखवलं की त्याआधीच धातूमधले इलेक्ट्रॉन पाण्यात धावतात, मागे उरलेला धनभार स्वतःलाच ढकलतो आणि धातूला काटे फुटतात. शाळेतल्या प्रयोगात एवढं दडलेलं होतं! ते कोणाला तरी पुन्हा बघावंसं वाटलं म्हणून सापडलं.

रिॲक्टर

पण ते सापडलं कशात? अतिवेगवान कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात. उघड्या डोळ्यांनी ते काटे कोणालाच दिसले नसते. तुमचं उदाहरण व्हिडिओच्या बाजूने जातं.

मोरचूद

हे खरं आहे. सोडियम मी यापुढे व्हिडिओवर दाखवेन. मोरचूद आणि जस्त मुलांच्या हातातच राहील.

पहिलं_वर्ष

मी आत्ता कॉलेजात आहे. आमच्या शाळेत दहावीपर्यंत सगळं पडद्यावर होतं. कॉलेजच्या पहिल्या प्रॅक्टिकलला माझ्या हातात सल्फ्युरिक ॲसिड आलं, तेही संहत. त्याआधी मी साधं व्हिनेगरसुद्धा नळीत मोजून ओतलं नव्हतं. माझा हात कापत होता. बाजूच्या मुलाने परीक्षानळीचं तोंड स्वतःकडे धरून तापवायला घेतली. शिकायची वेळ तेराव्या वर्षी सौम्य द्रावणावर यावी की अठराव्या वर्षी संहत ॲसिडवर, एवढं मोठ्यांनी ठरवावं.

किल्लीवाली

पहिलं_वर्ष, अगदी बरोबर.

थेंबांत प्रयोग करायची पद्धत कोणी काढलीच नाही म्हणून लिहिते. परीक्षानळीऐवजी प्लास्टिकच्या पारदर्शक शीटवर दोन-दोन थेंब. रंग बदलतो, साका बसतो, सगळं दिसतं. उडालं तर थेंब उडेल, नळीभर नाही. नंतर ओतून द्यायचा मालही चमचाभर. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइडचा सोनेरी साका आम्ही आता असाच करतो आणि शिशाचं उरलेलं सिंकमध्ये न जाता वेगळ्या बाटलीत जातं. एका वेळी अर्धाच वर्ग आत घेतो. मुख्याध्यापकांशी त्यासाठी वर्षभर भांडावं लागलं.

पालक_आठवी

अर्धा वर्ग आणि थेंब, हे दोन्ही असेल तर माझा विरोध बराचसा मावळतो. पूर्ण नाही. दम्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

आणि मोरचूद सर, एक प्रश्न पहिल्यापासून मनात आहे. ते कॉस्टिक सोड्याचं द्रावण किती तीव्र होतं? उदासिनीकरण दाखवायला ०.१ मोलर पुरतं, म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅम. त्याच्या दसपट असेल तर ते दाहक होतं. बाटलीवर काय लिहिलं होतं?

मोरचूद

दमा असलेल्या मुलांची नोंद माझ्याकडे नव्हती, आता घेतली आहे. गंधक उघड्यावर जाळणं बंद केलं.

बाटलीबद्दल. प्रयोगानंतर उरलेल्या द्रावणाची तीव्रता टायट्रेशनने मोजली, ती १ मोलरच्या आसपास निघाली. लेबलवर फक्त "कॉस्टिक सोडा" एवढंच होतं, तीव्रता नाही, तारीख नाही. अक्षर माझं होतं. पुढच्या सभेत गॉगलच्या आधी हे सांगणार आहे. या आठवड्यात कपाटातल्या ६४ बाटल्यांपैकी ४१ पाहून झाल्या. त्यातल्या ९ बाटल्यांत काय आहे ते आम्हाला सांगता येत नाही. त्या वेगळ्या ठेवल्या आहेत, न उघडता.