सेवा नाकारली कुणी?

‘सैन्याची शिष्यवृत्ती घेतली, सैन्यात नोकरी केली नाही, मग पैसे परत द्यायलाच हवेत’ हे म्हणणं स्वतःहून करार मोडणाऱ्याला लागू पडतं. पण ज्याला नोकरी करायचीच होती आणि सैन्यानंच दार लावून घेतलं, त्याचं काय? अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला आरओटीसी (कॉलेजात शिकता शिकता सैन्याधिकारी घडवणारा कार्यक्रम) छात्र जेम्स होलोबॉ बघा. सैन्याच्या भरतीच्या जाहिरातीत त्याचा फोटो होता! आपण समलिंगी आहोत हे त्यानं वरिष्ठांना प्रामाणिकपणे सांगितलं, तर त्याला काढलं आणि वर २५,००० डॉलर परत मागितले. गाजावाजा झाल्यावर १९९० मध्ये ती मागणी सोडून दिली.

फुकट शिकून सटकायला लोक ‘मी समलिंगी आहे’ असं खोटं सांगतील, ही भीती मला समजते. पण तयार असलेल्याला सेवा करू देणं एवढाच उपाय होता, आणि त्यासाठी, म्हणजे उघडपणे समलिंगी असणाऱ्यांवरची अमेरिकी सैन्यातली बंदी उठायला, २० सप्टेंबर २०११ उजाडावा लागला.